चार नंबरचा अर्ज

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, छापखान्याच्या कागदकोठीत रिमांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून वाचत असताना, उसनेरावांना चार नंबरच्या अर्जात पान तीनवर स्वतःचा दंड दिसला.

फोटो चांगला होता. उजेड बाजूने, खाली मोजपट्टी. डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला बसवलेला कातडीचा तुकडा, काड्यापेटीएवढा, भोवतीच्या कातडीपेक्षा एक छटा सावळा. वरच्या कोपऱ्यात एक तीळ. हा तीळ मूळचा उसनेरावांचा नव्हता. सहा वर्षांपूर्वी ज्या अनोळखी माणसाचा उजवा हात त्यांना बसवला गेला, त्याचा होता. पण रोज आंघोळीला साबण लावताना तो दिसतो, त्यामुळे आता तो घरातलाच झाला होता.

अर्जातून सगळी नावं काढलेली होती. अर्जदाराचं, संस्थेचं, गावाचं. तीळ काढायचा राहून गेला होता.

उसनेराव हे नाव छापखान्याने ठेवलेलं. ऑफसेट मशीनचे रोलर पुसताना मशीन सुरू झालं आणि त्यांचा उजवा हात मनगटाच्या वर गेला. दोन वर्षांनी दुसऱ्याचा हात बसवून ते परत कामावर आले, तेव्हा शाईवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "परत कधी करायचाय?" त्यांनी सांगितलं, "मालक वारलाय, वारस विचारत नाहीत." तेव्हापासून उसनेराव. मशीनवर ते पुन्हा उभे राहिले नाहीत. छापून आलेले ताव तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. रंग एकावर एक नीट बसलेत की केसभर सरकलेत, हे ते भिंग न लावता सांगत.

दंडावरच्या तुकड्याला डॉक्टर लोक पहारेकरी म्हणत. शरीर परका हात हाकलायला निघालं की त्याची चाहूल आधी या तुकड्यात लागते, म्हणून तपासायला हाताचं मांस न काढता याचं काढायचं. टाचणीच्या डोक्याएवढं. वर एक टाका.

अर्ज ज्या निधीकडे आला होता, त्या निधीची तऱ्हाच वेगळी होती. इतर सगळीकडे पुरावा आधी आणि पैसे नंतर. इथे उलट. हात, चेहरा, स्वरयंत्र अशा अवयवांच्या प्रत्यारोपणात जी कल्पना अजून इतकी कच्ची आहे की दुसरं कोणी दारात उभं करणार नाही, तिलाच हा निधी पहिले पैसे देई. फसली तर फसली. अट एवढीच की धोका काय आहे हे अर्जात स्वच्छ लिहायचं. परीक्षकांत पाच शास्त्रज्ञ आणि दोन असे, ज्यांच्या अंगावर परका अवयव आहे. परीक्षकांची नावं अर्जदारांना कळत नसत, अर्जदारांची परीक्षकांना. उसनेरावांची ही तिसरी खेप. त्यांचं नाव निधीला सुचवलं होतं ते त्यांच्या हातावर सुरुवातीपासून उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच. "तुम्हाला डावं-उजवं कळतं," असं म्हणाल्या होत्या. त्यानंतर ते मंडळावर आहेत की नाहीत, हे विचारायची डॉक्टरीणबाईंना बंदी होती आणि सांगायची उसनेरावांना.

त्यांनी अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, ताव तपासतात तसा.

"एका रुग्णाने प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने निम्म्यावर आणल्याचे खाजगीत कबूल केले," असं पहिल्या पानावर होतं. "अशा वेळी अवयव नाकारला जाणे अपेक्षित असते. तसे झाले नाही. चौदा महिन्यांत पहारेकरी तुकड्यातून चौदा नमुने घेण्यात आले. सर्व स्वच्छ." पुढे होतं की या तुकड्यानेच शरीराला हाताची सवय लावली असावी, तसं असेल तर असे तुकडे मुद्दाम आणि योग्य जागी बसवून पुढच्या रुग्णांची गोळ्यांपासून सुटका करता येईल.

खाजगीत. उसनेरावांना ती दुपार आठवली. तपासणीची खोली, ओढलेला पडदा. गोळ्यांपायी मूत्रपिंडाचे आकडे दर तीन महिन्यांनी चढत होते, साखर वाढली होती, आणि त्यांनी घाबरून, कोणाला न विचारता, संध्याकाळच्या दोन गोळ्यांतली एक टाकायला सुरुवात केली होती. डॉक्टरीणबाई आधी भडकल्या. मग तुकडा पाहिला, नमुना घेतला, आठवड्याने परत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे आपल्या दोघांत राहू दे. लेखी आलं तर प्रत्यारोपणाच्या कार्यक्रमातून नाव कमी होईल तुमचं. मी लक्ष ठेवते." दर महिन्याला टोचताना म्हणायच्या, "नेहमीचंच आहे हो." या बाईने आपल्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावली, असं उसनेराव तेव्हापासून धरून चालले होते. त्यांच्या ओपीडीतला माणूस कधी चढ्या आवाजात बोलला, तरी डॉक्टरीणबाईंकडे बघून ते गिळत.

पान पाचवर लिहिलं होतं: "या निरीक्षणाचा उद्देश रुग्णाला सांगितलेला नाही, जेणेकरून त्याच्या वागण्यात बदल होऊ नये."

पान सहावर: "निधी मिळाल्यास प्रथम याच रुग्णात औषध पूर्ण बंद करून पाहणे. धोका: अवयव गमावणे (एक रुग्ण). रुग्ण संमती देईल अशी अपेक्षा आहे; संबंध विश्वासाचे आहेत."

शाईवाला कागद न्यायला आत आला. "काय पंच, किती जणांना नापास केलं?"

"अजून कोणालाच नाही."

"तोंड तर असं केलंय, जशी परीक्षा तुमचीच आहे." रीम खांद्यावर टाकून तो गेला. उसनेरावांनी लॅपटॉप मिटला आणि मालकांना सांगून घरी निघाले.

गुण पाच वाजेपर्यंत द्यायचे होते. दहापैकी. सात अर्ज, पैसे दोघांना. मागच्या दोन खेपांत त्यांनी पाहिलं होतं की एका परीक्षकाचे तीन आले की बाकीच्यांच्या नवांना वर येता येत नाही. म्हणजे एक आकडा टाकायचा अवकाश, अर्ज बुडाला, आणि कोणी बुडवला ते कधीच कळणार नाही. दुसरी वाट अशी की अर्जदाराला ओळखत असाल तर चौकोनात खूण करायची, कारण लिहायचं आणि गुण न देता बाजूला व्हायचं. पण कारण काय लिहिणार? गोळ्या मी कमी केल्या, हे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्ज चांगला होता. सातांत सर्वांत चांगला.

एक वाजता बायको जेवायला आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. बोटांना कायम पांढरी भुकटी. तिने हात धुतले, ताटं वाढली. दोन घास झाले असतील नसतील.

"केसाने गळा कापला त्या बाईने," उसनेराव म्हणाले.

"कोणत्या बाईने?"

"आपल्या डॉक्टरीणबाईने. कोणाला सांगणार नाही म्हणाली होती. चौदा महिने! चौदा महिने मी तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, आणि ती..."

"काय सांगणार नाही म्हणाली होती?"

उसनेरावांचा घास हातातच राहिला.

"अहो, मी विचारतेय. काय सांगणार नाही?"

मग सांगावंच लागलं. संध्याकाळची एक. नंतर सकाळचीही अर्धी. त्या जात कुठे? छापखान्यात, शाईच्या रिकाम्या डब्यात. ऐकून झाल्यावर तिने ताट बाजूला सारलं.

"रविवारी सात खणांची डबी कोण भरतं?"

"तू."

"आणि शनिवारी रिकामी डबी वाजवून 'फस्त बरं का सरकार' कोण म्हणतं?"

"अगं, किडनीचे आकडे बघून माझंच धाबं दणाणलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

"मी सहा वर्षं घाबरतेच आहे. ती सवय आहे मला. खोटं ऐकायची नव्हती, आता तीही होईल." तिने हात पुढे केला. "आणा तो अर्ज इकडे."

"गोपनीय असतं ते. कोणाला दाखवायचं नाही असं लिहून दिलंय मी."

"तुमची गोपनीयता पुरे झाली. चौदा महिने पाळलीत की."

तिने अर्ज वाचला. काचेवरचा ओरखडा शोधताना बघते तसा, डोळे बारीक करून, एकेका ओळीवर थांबत. पान सहाशी आली. "एक रुग्ण. म्हणजे तुम्ही?"

"मी."

"'संबंध विश्वासाचे आहेत.'" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "हे तरी खरं लिहिलंय तिने." मग तिने पानं मागे घेतली. "चौदा नमुने कुठले? पंधरा झालेत. मागच्या गुरुवारी मी नव्हते का बरोबर? टाका मीच काढला काल."

"अर्ज त्याआधी गेला असेल."

"मग पंधराव्याचं काय आलं?"

उसनेरावांनी आठवून पाहिलं. एरवी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर डॉक्टरीणबाईंचे दोन शब्द येत, सगळं ठीक. या खेपेला आले नव्हते. पाच दिवस झाले होते. ते अर्ज वाचण्यात इतके गुंतले होते की ध्यानातच आलं नाही.

बायकोने फोन उचलला.

"अगं, थांब. अर्जदाराशी बोलायची बंदी आहे मला."

"मला नाही." तिने फोन स्पीकरवर टाकून ताटांच्या मध्ये ठेवला.

"बोला वहिनी." आवाज नेहमीसारखाच, मायेचा.

"मॅडम, पंधराव्या नमुन्याचं काय आलं?"

"हो, ते... हात नाकारणाऱ्या थोड्या पेशी दिसल्यात. फार नाहीत. दुसरा रंग लावून खात्री करायची आहे. गुरुवारी कळेल. काळजीचं कारण..."

"कधी दिसल्या?"

"शुक्रवारी."

"आज मंगळवार आहे."

"अर्धवट माहितीवर तुम्हाला घाबरवायचं नव्हतं, वहिनी."

"हो ना. मला घाबरवायचं कोणालाच नसतं. गोळ्या आता पूर्ण घ्यायच्या का त्यांनी?"

"गोळ्यांचं... तुम्हाला माहीत आहे?"

"आजच कळलं."

"त्यांनी सांगितलं?"

"चार नंबरच्या अर्जाने सांगितलं."

उसनेरावांनी डोळे मिटून घेतले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. परत बोलू लागल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या आवाजातली माया गेली होती.

"वहिनी, ते तिथे आहेत का? नका सांगू. मला कळायला नको. त्यांचा माझा संपर्क झाला असं निघालं तर परीक्षक जाईल आणि अर्जही जाईल. नऊ वर्षं घातलीत मी यात. तुम्हाला ती प्रतीक्षाकक्षात भेटते ना, दोन्ही हात बसवलेली मुलगी? आठवड्यातून तीनदा डायलिसिसला असते ती. या गोळ्यांनीच. असे आणखी चार आहेत माझ्याकडे. या कामाला दुसरं कोणी एक पैसा देत नाही, सगळे म्हणतात आधी सिद्ध करा. मी पुढच्या महिन्यात सगळं समजावून सांगणारच होते. सही घेतल्याशिवाय काही करणार नव्हते."

"सही झाली असतीच की. संबंध विश्वासाचे आहेत."

"फोन ठेवा वहिनी. प्लीज."

"गोळ्या पूर्ण घ्यायच्या का नाही?"

"घ्या. पूर्ण. आजच्या आज." आणि फोन बंद झाला.

गोळ्यांचं उत्तर दुसऱ्यांदा विचारल्यावर आलं, हे उसनेरावांच्या लक्षात राहिलं. बाकी बोलणं त्यांना सुसूत्र आठवेना. शुक्रवारी कळलं, मंगळवारपर्यंत सांगितलं नाही, आणि निधीच्या बैठकीचा निकाल बुधवारी. हे तिन्ही वार त्यांनी मनात पुढेमागे लावून पाहिले. निव्वळ योगायोग असेलही. आपण हे असेलही म्हणतोय, कारण गेली सहा वर्षं तसं म्हणायची सवय झालीय, हेही त्यांना जाणवलं.

बायकोने दुकानात फोन करून अर्धा दिवस मागून घेतला. मग भांडी घासायला लागली. दोन ताटांना तिने इतका वेळ लावला की नळ बंद झाल्यावर घर अचानक मोठं वाटलं.

साडेतीनला उसनेरावांनी लॅपटॉप उघडला. बाकीच्या सहा अर्जांचे गुण भरले. चारच्या रकान्यात तीन लिहिले. उजव्या हाताच्या तर्जनीने. या बोटाला अजून थंड-गरम नीट कळत नाही, पण कळ दाबता येते. तीन खोडून नऊ लिहिले. मग तेही खोडले.

"तीन देऊ?" त्यांनी आतल्या दिशेने विचारलं.

"मला कशाला विचारता? मला कोण विचारतं या घरात?"

"अगं, विचारतोय ना आता."

ती पदराला हात पुसत दारात आली. "तीन दिलेत तर ती मुलगी मशीनला लागलेलीच राहील, आणि तुम्ही सूड उगवलात हे तुम्हाला एकट्यालाच माहीत असेल. एकट्याला माहीत असलेल्या गोष्टींचं काय होतं ते आजच बघितलंय. नऊ दिलेत तर तुमचाच हात त्या बाईला वाहिलात. बघा बाई. मी काच घासणारी, मला यातलं काय कळतं?"

"टोमणे मारू नकोस."

"सहा वर्षांचा हिशेब आहे, एका दुपारी थोडाच फिटणार?"

चार वाजून पन्नास मिनिटांनी उसनेरावांनी चौकोनात खूण केली. कारणाच्या जागी तीन वाक्यं लिहिली. अर्जातील रुग्ण मी आहे. नमुने कशासाठी घेतले जात होते हे मला आज अर्ज वाचून कळले. अर्जात चौदा नमुने स्वच्छ म्हटले आहेत, परंतु त्यानंतर पंधरावा घेतला गेला असून त्यात पेशी दिसल्या आहेत. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गोळ्यांचं तुम्ही लिहिलंच नाहीत." त्यांनी चौथं वाक्य घातलं: गोळ्या मी स्वतः कमी केल्या, कोणी सांगून नाही. आणि पाठवून दिलं. डॉक्टरीणबाईंना वाचवायला ते लिहिलं की स्वतःला टाकून द्यायला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

सहा वाजता निधीच्या समन्वयकाचं पत्र आलं. भाषा सौम्य होती. आपण प्रामाणिकपणे खूण केल्याबद्दल आभार. अर्ज राखीव परीक्षकाकडे गेला आहे. बैठक एक दिवस पुढे ढकलली आहे. एकच खुलासा हवा होता. पंधराव्या नमुन्याची माहिती अर्जात नाही. ती आपल्याला कोणाकडून मिळाली? अर्जदाराकडून मिळाली असल्यास, नियमाप्रमाणे अर्ज विचारातून काढावा लागेल. कृपया उद्या दुपारी बारापर्यंत कळवावे.

बायकोने खांद्यावरून वाचलं. "लिहा, माझ्या बायकोने फोन केला होता. खरंच आहे ते."

"आणि मी कुठे होतो?"

"जेवत होतात."

"स्पीकर कोणी लावला होता?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्यासाठी खोटं बोलायची तयारी दाखवली होती, आणि ज्या बाईचा दुपारी तिने एवढा पाणउतारा केला, तिचा अर्ज त्या खोट्याने तरणार होता. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

बुधवारी सकाळी नऊला ती दोघं इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाई ओपीडीत नव्हत्या. आज येणार नाहीत, एवढंच खिडकीवर सांगितलं. त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरने दंडावरून आणि, पहिल्यांदाच, मनगटाजवळूनही नमुना घेतला. बसवलेल्या हाताच्या पाठीवर पुसट लाली होती. ती कालही होती का, असं त्याने विचारलं. उसनेराव म्हणाले, माहीत नाही. बायको म्हणाली, होती, रविवारपासून, मला वाटलं शाईचा डाग असेल.

अकरा वाजून पंचावन्न मिनिटांपर्यंत समन्वयकाला उत्तर गेलेलं नव्हतं. नमुन्यांचा अहवाल यायचा होता.